दोन बोटं उघडा झगा

"सरळ शिवण तर मारायची," बेन-युआन म्हणाले, "त्यात एवढं काय आहे? सुई मशीन चालवतं, कापड मशीन ओढतं. माणसाने नुसतं समोर बसायचं."

हे वाक्य त्यांच्या तोंडून गेलं आणि सू-लानबाईंनी प्लॅस्टरमधला उजवा हात मांडीवर नीट ठेवून आपल्या तोंडाला कुलूप लावलं. मशीनबद्दल त्या आता एक अक्षर बोलणार नव्हत्या. स्कूटरसमोर बदक आडवं आल्याने त्यांचं मनगट मोडलं होतं. बदक ठणठणीत होतं.

गल्लीच्या टोकाला, सोया सॉसच्या रांजणांपलीकडे, तुदीआजोबांचं देऊळ होतं. पांढऱ्या दाढीचे, गुबगुबीत गालांचे, तैवानातल्या शीलुओ गावच्या त्या चार गल्ल्यांच्या जमिनीची काळजी वाहणारे देव. दुसऱ्या चांद्र महिन्याच्या द्वितीयेला त्यांचा वाढदिवस आणि त्या दिवशी त्यांना नवा झगा. सू-लानबाई लग्न होऊन गल्लीत आल्यापासून तो त्यांच्याच हातचा असे. यंदा हात मोडल्याचं कळताच लिआओकाकू कोंबडीचं सूप घेऊन भेटायला आल्या आणि सूप निवायच्या आत मुद्द्यावर आल्या. ताइचुंग शहरातल्या एका दुकानात त्यांनी तयार झगा बघून ठेवला होता. छातीवर ड्रॅगन, आणि ड्रॅगनच्या डोळ्यांत बॅटरीचे दिवे.

"तू आता आराम कर हो, सू-लान," त्या म्हणाल्या. "या वर्षीच कशाला, पुढेही."

त्या 'पुढेही'ने सू-लानबाईंचा चेहरा एवढासा झाला. असा मान एकदा दुसऱ्या घरी गेला की त्याला परत यायला पाय नसतात. बेन-युआन यांनी बायकोचा चेहरा पाहिला, आणि म्हणूनच ते सरळ शिवणीबद्दलचं वाक्य बोलून गेले. चांगल्या मनाने बोलले होते, पण बोलले होते.

बेन-युआन यांचा जन्म रेल्वेत वेळापत्रकं तपासण्यात गेला होता. छापलेल्या मजकुरावर त्यांची श्रद्धा होती. मशीनबरोबर आलेली पुस्तिका त्यांनी चहा पीत दोनदा वाचली, खुणेसाठी मध्ये काड्या घातल्या आणि लाल साटीनचे दोन तुकडे एकावर एक ठेवून पायडल मारलं.

साटीन म्हणजे कापड नव्हे, मासा. खालच्या तुकड्याला मशीनचे दाते भराभर ओढत होते आणि वरचा तुकडा, त्याला दाबून धरणाऱ्या पोलादी पायाखाली अडून, मागे रेंगाळत होता. शिवण संपली तेव्हा वरचं कापड बोटभर उरलं. पुस्तिकेत लिहिलं होतं, कापड सरकल्यास पायाचा दाब कमी करावा. बेन-युआन यांनी वरचा स्क्रू सैल केला. आता कापड मागे राहिना, पण गल्लीत नव्याने आलेल्या पाहुण्यासारखं डावीकडे भटकायला लागलं. त्यांनी स्क्रू आवळला. कापडाला चुण्या पडल्या. पुन्हा सैल केला, आणखी सैल केला, पुस्तिकेत बघत बघत आणखी थोडा; तेव्हा स्क्रू आणि त्याखालची स्प्रिंग दोन्ही टणकन उडून, शेजारी ठेवलेल्या तांदळाच्या गोळ्यांच्या गोड रश्शात पडली.

स्प्रिंग चमच्याने निघाली. स्क्रू मात्र गोळ्यांमध्ये गोळी होऊन बसला आणि शेवटी बेन-युआन यांच्या दाढेनेच शोधून काढला. सू-लानबाई समोर बसून डाव्या हाताने भुईमूग सोलत होत्या. त्यांच्या खांद्यांना जरा हिसका बसला, एवढंच.

तोवर उरलेल्या बोटभर कापडाचं काय करायचं हा प्रश्न होता. बेन-युआन यांनी ते कापलं. मग डावी बाजू उजवीपेक्षा आखूड झाली, म्हणून उजवी कापली. ती जरा जास्त कापली गेली, म्हणून पुन्हा डावी. बाह्यांचंही असंच झालं. प्रत्येक वेळी ते दोन्ही बाजू एकमेकींवर ठेवून बघत आणि त्या जुळल्या की समाधानाने मान हलवत. तिसऱ्या कशाशी ताडून बघायचं त्यांना सुचलं नाही.

शेवटी त्यांना स्वतःच्या डोक्याने एक युक्ती सुचली. देवापुढे जाळायला आणलेल्या सोनेरी कागदांचा गठ्ठा कपाटात होता. त्यातला एक कागद त्यांनी कापडाखाली घातला आणि कागदासकट शिवण मारली. कापड जागचं हललं नाही. शिवण अशी सरळ आली की तिच्यावरून आगगाडी सोडावी. मग त्यांनी कागद फाडून काढला. थोडे कपटे शिवणीत राहिले, त्यामुळे झगा हलवला की कुरकुर वाजे. ते त्यांना उलट भारदस्त वाटलं.

पाठीची शिवण घालायची होती तेव्हा सू-लानबाईंनी एकदाच कुलूप काढलं.

"पाठीमागे खालून दोन बोटं उघडी सोडा."

"कशाला?"

"सोडा म्हटलं ना."

आजोबा दिवसभर खुर्चीत बसून असतात, हवा लागत असेल, असं समजून बेन-युआन यांनी दोन बोटं सोडली.

द्वितीयेला देवळात माणूस मावेना. देवळाचं बघणारे हुआंगदादा यांनी धूप दाखवला, जुना झगा अलगद उतरवला आणि नवा चढवायला घेतला. तो आजोबांच्या कोपरांपर्यंत गेला आणि थांबला. हुआंगदादांनी जोर केला. झगा कुरकुरला. बेन-युआन यांना वाटलं, आपण एखाद्या रांजणात उतरून वरून झाकण ओढून घ्यावं.

लिआओकाकूंनी पिशवीतून खोका काढला. ड्रॅगनचे डोळे लुकलुकले.

"माझी काही हौस नाही हो," त्या म्हणाल्या, "पण देवाला उघडं कसं ठेवायचं?"

"आधी कौल लावू," हुआंगदादा म्हणाले. त्यांनी लाकडाच्या दोन चंद्रकोरी हातात घेतल्या. एक पालथी, एक उताणी पडली तर देवाचा होकार. दोन्ही पालथ्या पडल्या तर नकार. आणि दोन्ही उताण्या पडल्या तर देव नुसताच हसतो आहे.

दिव्यांचा झगा घालायचा का? दोन्ही उताण्या. आजोबा हसले. पुन्हा विचारलं, पुन्हा हसले. लिआओकाकूंनी स्वतः चंद्रकोरी टाकल्या तेव्हा दोन्ही पालथ्या पडल्या आणि काकूंनी दिवे बंद केले. मग सू-लानचा गेल्या वर्षीचाच पुन्हा घालायचा का? एक पालथी, एक उताणी. लगेच, पहिल्याच फेकीला.

आजोबांची सोय झाली. पण हुआंगदादांच्या हातात तो लाल, कुरकुरणारा प्रकार तसाच होता आणि बेन-युआन तो घेऊन घरी पळण्याच्या बेतात होते. तेवढ्यात सू-लानबाई गुडघ्यांवर बसल्या आणि वेदीच्या टेबलाखाली वाकून बघायला लागल्या.

टेबलाखाली वाघोबा बसतो. आजोबांचं वाहन. त्याला लोक कच्ची अंडी ठेवतात, पोरं त्याच्या नाकावरून हात फिरवतात, पण अंगावर काही घालावं असं आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"हुआंगदादा, द्या बघू इकडे," सू-लानबाई म्हणाल्या.

बाह्यांत पुढचे पाय गेले. पाठ बसली. कुठे बोटभर सैल नाही, कुठे आवळ नाही. कौल लावला, होकार. पुन्हा लावला, होकार. तिसऱ्यांदा होकार आल्यावर लोक टेबलाखाली बघायला रांग लावून वाकू लागले. लिआओकाकूसुद्धा वाकल्या आणि म्हणाल्या की रंग वाघाला उठून दिसतो.

परतताना बेन-युआन यांची चाल बदलली होती. वाघोबाचा झगा दरवर्षी त्यांनीच शिवावा असं चौघांनी त्यांना सांगितलं होतं. रांजणांपाशी आल्यावर ते म्हणाले, "नशीब बघ. माप न घेता जणू मापानेच शिवला."

"माप मी घेतलं होतं," सू-लानबाई म्हणाल्या. "तुम्ही दुसऱ्यांदा डावी बाजू कापलीत, त्या संध्याकाळी देवळात जाऊन. डाव्या हाताच्या वितीने."

बेन-युआन थांबले. "तेव्हाच कळलं होतं? मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. दोन बोटं उघडी सोडा म्हटलं."

"ते हवेसाठी ना?"

सू-लानबाईंनी, वर्षानुवर्षांच्या सवयीने, कपाळाला हात लावला, यंदा डावा.

"अहो," त्या म्हणाल्या, "शेपटी कुठून काढली असती?"