मादीनं तोंड मिटलं त्याचा तक्ता

ताकीद ही ऐकण्यासाठी नसून नंतर आठवण्यासाठी असते. शोभेच्या माशांच्या दुकानदारानं मला बजावलं होतं, "ताई, मादीनं तोंड मिटलं की भरवायला जाऊ नका. या जातीत आई अंडी तोंडात सांभाळते. तीन आठवडे काही खात नाही." मी मान डोलावली. माझ्याकडे पदवी आहे, त्यामुळे दुकानदारांचं ऐकायची सवय नाही.

महिन्याभरात मादीनं तोंड मिटलं. गाल फुगले.

"रुसलीय," सासूबाई म्हणाल्या.

"गालगुंड असेल," नवरा म्हणाला.

मी बाळाला कडेवर घेऊन खाण्याचा भुगा चमच्यानं तिच्या तोंडाशी नेला. ती बिचकली आणि तीन अंडी बाहेर पडली. नरानं ती खाल्ली. (नर म्हणजे त्यांचे वडील.) आणखी एकदा बिचकली असती, तर उरलेलीही गेली असती.

तेव्हापासून घरात शिस्त लागू झाली. दार आपटण्यास मनाई. टीव्ही मुका. फ्रिजवर तक्ता : तारीख, वेळ, तोंड, शेरा. सकाळची पाळी नवऱ्याची, दुपारची सासूबाईंची, उरलेली माझी. नर दिवसभर एका दगडाची राखण करी. (दगडाला धोका नव्हता.) समुद्रघोड्यांत पोटुशी नर राहतो, ही माहिती मी जेवताना सर्वांसमोर ठेवली. नवऱ्यानं आणखी वाढून घेतलं.

एकोणीस दिवसांत "जेवलीस का गं?" हा प्रश्न टाकीला बासष्ट वेळा विचारला गेला. याच काळात मी बाळाच्या वाटीतलं उरलंसुरलं किती वेळा उभ्यानं खाल्लं, याची नोंद नाही. फ्रिजवर जागा नव्हती.

विसाव्या दिवशी तिनं तोंड उघडलं. अकरा पिल्लं बाहेर आली, टाकी पाहून घाबरली आणि पुन्हा आईच्या तोंडात शिरली. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "काय माउली आहे. अन्नाला शिवली नाही हो."

मलाही भरून आलं. मग घेरी आली, आणि मी टाकीच्या स्टुलाशीच मटकन बसले. नवरा धावत आला.

"टाकीला धक्का नाही ना लागला?"

तक्त्यात नोंद आहे : नाही.

तुमच्या घरी टाकी नसेल. तरी एवढं वाचून झालं की उठा. घरात जी सगळ्यांच्या शेवटी जेवते, तिला विचारा. गाल बघू नका, "रुसलीय" म्हणून तुम्ही केव्हाच मोकळे झाला असाल. ती "हो, जेवले" म्हणेल. तिचं ताट धुऊन ओलं आहे की कोरडंच, तेवढं बघून या.