सुदामाची बिनहवेची सायकल

आमच्या सुलतानपुरात सुदामा सायकलीशिवाय दाराबाहेर पाऊल टाकत नाही. आणि त्या सायकलीवर बसलेला तो कित्येक वर्षांत कोणी पाहिला नाही. हँडल धरून तिला स्टँडवरच्या चहाच्या टपरीपर्यंत पायी नेतो, पायी आणतो. पुढच्या चाकात जरासुद्धा हवा नाही. कोणी विचारलं, "काऊन आबा, पंक्चर?" की ठरलेलं उत्तर, "आत्ताच झालं बे!"

मी चौथीपर्यंतचा माणूस, पण एवढं मला कळतं. ती सायकल नाही, काठी आहे. पण काठी धरली तर सुदामा म्हातारा ठरेल ना! लेकानं पाठवलेली चार पायांची काठी त्यानं कारल्याच्या वेलाला लावून दिली. "वेल कवळा हाय, त्याले आधार पाह्यजे. मले कायले?"

हवा तो स्वतःच काढतो. हवा भरलेली सायकल उतारावर पळते, माणूस मागं राहतो. बिनहवेची कशी, म्हाताऱ्या बैलासारखी संगं चालते.

दिवाळीत त्याचा लेक प्रकाश पुण्याहून आला. त्याला बापाची दया आली. गुपचूप ट्यूब बदलली, टच्च हवा भरली, वरून तेल पाजलं. सकाळी सुदामा निघाला. माझ्या दारापुढच्या उतारावर सायकल उधळली आणि हा हट्टी हँडल सोडेना. सायकल नालीत, सुदामा सायकलीवर.

प्रकाश धावत आला. "बस झालं बाबा. आता पुण्यालेच चाला."

सुदामाचं तोंड एवढंसं झालं. सरपंचकीला पडला तेव्हाही एवढं झालं नव्हतं. गाव सुटायची पाळी आली होती. मी ओट्यावरूनच ओरडलो, "तेल पाजाले कोनं सांगतलं होतं बे? बाप नाई पडला, तुही सायकल पडली!"

प्रकाश एकटाच परत गेला, पण मला बजावून गेला, "काका, अजून एकदा पडले ना, तं मी कोनाचं ऐकनार नाई."

मीही पावसाळ्यात न्हाणीत घसरल्यापासून ओट्याखाली उतरलो नव्हतो. कोणी विचारलं तर सांगायचो, टपरीचा चहा पाणचट झाला.

परवा सुदामा सायकल घेऊन दारात उभा.

"चाल. मांगून कॅरिअर धर. एकट्याच्यानं आवरत नाई."

"तुही सायकल मी कायले धरू?"

"मी पडलो तं पोरगा नेते मले. मंग तू भांडशीन कोनाशी?"

त्याच्यावर उपकार म्हणून मी कॅरिअर धरलं. उतार लागला, मी दात आवळले. पण सायकल पुढं सरकेल तर शपथ! वाकून पाहिलं, तर मागचं चाकही चपटं.

"आज मांगच्याचीबी काढली," सुदामा वळून न पाहता म्हणाला. "तू माह्यापेक्षा हळू चालतं."

चहा खरंच पाणचट होता. मी दोन कप प्यालो.