शिवणाच्या खोलीतला सराईत वास

“माझं नाक म्हणजे नुसतं नाक नव्हे, चालतंबोलतं न्यायालय आहे,” असं नाकसम्राट सांगायचे. ही पदवी त्यांनी निवृत्त झाल्यावर आरशासमोर उभं राहून स्वतःला बहाल केली होती. टाळ्या आरशानंही वाजवल्या. न्यायालयाला सर्दी झाली की वाफ मात्र बायकोलाच द्यावी लागे.

आज ती कातावली होती. लेक तान्ह्या बाळाला घेऊन संध्याकाळी पहिल्यांदाच येणार आणि आजीच्या हातचं दुपटं अजून शिवायचंच होतं. त्यात शिवणाच्या खोलीत डोळे चुरचुरवणारा वास. लेकीनं फोनवर बजावलं होतं, “आई, तो वास असला तर मी दारातूनच परत जाईन हं.”

“विषप्रयोग!” नाकसम्राट गरजले.

“अहो, कालच नवं छापील कापड आणलं, कापताना खाली अंथरायची नवी रबरी मॅट उघडली. खिडकी उघडते, कापड भिजत घालते—”

“खबरदार! वास हाच पुरावा. खिडकी उघडलीस तर पुरावा पळेल!”

त्यांनी खिडक्यांना कड्या घातल्या. कापड आणि मॅट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून गाठ मारली. पहिला संशय शेजारच्या रंगाऱ्यावर. तो महिनाभर परगावी. मग मेलेल्या उंदरावर. कपाट ओढलं तर उंदीर निघाला नाही, पाठ मात्र धरली. शेवटी उलटतपासणीसाठी त्यांनी पिशवीतच नाक घातलं.

बाहेर आले ते डोळे पुसत. “गुन्हेगार सराईत आहे,” एवढंच बोलून कपाळाला बाम चोळून ते आडवे झाले.

घोरणं ऐकू येताच बायकोनं खिडक्या सताड उघडल्या. मॅट गच्चीत टांगली. कापड साबणाच्या पाण्यातून दोनदा काढून उन्हात वाळत घातलं आणि ती गुणगुणली,

वाऱ्या माझ्या भाऊराया, ये रे खोलीच्या आत,
वास तेवढा घेऊन जा, येते आहे माझी नात.

भाऊराया आला. दुपारभर मशीन खडखडलं.

संध्याकाळी लेकीनं उंबऱ्यात हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि आत पाऊल टाकलं. नात दुपट्यात गाढ झोपली.

“पळाला ना वास? माझा धाकच तसा!” नाकसम्राट उठून आले, बाळावर वाकले आणि ताठ झाले. “थांबा! नवा वास. ताजा! गुन्हेगार याच खोलीत आहे!”

“आहे ना,” कोरडा लंगोट त्यांच्या हातात ठेवत बायको म्हणाली. “फक्त या वेळी पुरावा जपून ठेवू नका.”