गव्याचा श्वास

दिगंबर मेस्त्रींनी गव्याचं चित्र पुरं केलं, त्याच सकाळी दाजीपूरच्या रानातला गवा त्यांच्या अंगणात आला, चित्रातल्यासारखा उभा राहिला आणि त्याचा श्वास थांबला.

थांबला म्हणजे त्याने तो घेतला होता, सोडला नव्हता. मेस्त्रींनी रानात त्याला पाहिलं तेव्हा तो माणसाचा वास घेत होता. नाकपुड्या ताणलेल्या, कूस फुगलेली. तेवढा एक क्षण त्यांनी सबंध हिवाळाभर तैलरंगात रंगवला होता. गुडघ्याखाली मोज्यांसारखा पांढरा रंग, पाठीचा उंचवटा, कपाळावरचे राखट केस, सगळं जिथल्या तिथे. दिसेल तेच रंगवायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा मेस्त्रींचा बाणा. त्यापायी त्यांनी एका देवळाचं काम सोडलं होतं, कारण तिथे गरुडाला माणसाचे हात रंगवायला सांगितले होते.

वनरक्षक तातोबा गुरव सायकलवरून आले. त्यांनी गवा बघितला, पडवीतलं चित्र बघितलं, पुन्हा गवा बघितला.

"शेपटीचा गोंडा बी त्योच," ते म्हणाले. "बिनचूक झालंय, पेंटर. बिनचूक झालं की जनावराला चित्रापरमाणं ऱ्हावं लागतं."

खोटं कशाला सांगा, मेस्त्रींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एवढ्या वर्षांत कुणी इतकं नेमकं कौतुक केलं नव्हतं.

"मग आता ह्याला परत कसं धाडायचं?" त्यांनी विचारलं.

"मागं एका गुरुजींनी धनेश काढला हुता. त्यो बी आला, शाळंच्या कौलावर बसला. तवा मला धनेश वळखाय येत न्हवता. मी चित्र बघून म्हणलं, ह्यो कावळा हाय. गुरुजी बी म्हणाले, व्हय, कावळाच. धनेश दुपारच्याला उडून गेला. सरकारी माणसाला दिसता कामा नये, आन काढणाऱ्यानं आपल्या तोंडानं न्हाई म्हणाय पायजे. एवढंच हाय."

"ह्या चित्रात गवा नाही असं म्हणू मी?"

"तुमी म्हणशीला वो. पर मला दिसतोय न्हवं!"

शालनबाई, म्हणजे मेस्त्रींची बायको, कडब्याची पेंढी घेऊन आल्या आणि गव्यापुढे ठेवली. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. चित्रात तो कुठे खात होता? त्याचे पाय मात्र थरथरत होते. थरथर चित्रात दिसत नाही, त्यामुळे तेवढी त्याला मुभा होती.

"अवो, जीव जाईल ह्येचा," शालनबाई म्हणाल्या. "कवाधरनं श्वास कोंडून हुबा हाय!"

मेस्त्रींनी गव्याच्या फुगलेल्या कुशीकडे पाहिलं. चित्र रंगवताना कितीदा त्या कुशीवरून ब्रश फिरला होता. ती कूस अशी कोंडून राहील हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

कूस पुन्हा रंगवून खाली आणायची, तर तैलरंगाचा कायदा असा की खालचा थर वाळल्याशिवाय वर हात लावायचा नाही. आणि कुशीवर तर मेस्त्रींनी जवसाचं तेल सढळ हाताने घातलं होतं. तो थर शिमग्यापर्यंत वाळत नाही. गवा तोवर कसा थांबणार? त्यांनी सुरीने शेपटीच्या टोकाशी जरासा रंग खरवडून पाहिला, तर अंगणात गव्याच्या शेपटीचा झुबका गळून पडला. मेस्त्रींनी सुरी खाली ठेवली आणि चोर सापडावा तसे ते गव्याकडे बघत राहिले.

शेवटी जन्मात केलं नव्हतं ते केलं. ओल्या रंगावर ओला रंग चढवला आणि कूस दोन बोटं खाली आणली. गव्याने श्वास सोडला. अंगणातला पाचोळा पार कुंपणापर्यंत उडाला. शालनबाईंनी हात जोडले.

"सुटला बिचारा," त्या म्हणाल्या.

पण तो आता श्वास सोडून उभा होता आणि नवा घेत नव्हता.

"आली का पंचाईत!" तातोबा म्हणाले. "आता भरलेला काढा."

मेस्त्रींनी कूस वर घेतली. गव्याने श्वास घेतला. मेस्त्रींनी कूस खाली आणली. त्याने सोडला. असं चाललं. मेस्त्रींचा खांदा भरून आला तेव्हा शालनबाईंनी पदर खोचला आणि ब्रश घेतला. त्यांनी आयुष्यात उंबऱ्यावरच्या रांगोळीपलीकडे काही काढलं नव्हतं, पण त्यांनी रंगवलेला श्वासही गव्याने मुकाट घेतला. जरा उथळ घेतला, इतकंच. मेस्त्री भाकरी हातात धरून बघत बसले. आपण चित्रकार आहोत की भाता ओढणारे लोहार, हेच त्यांना कळेनासं झालं. गवा चित्रासारखा राहतोय की चित्र गव्यासारखं, हेही कळेना. तातोबांना विचारलं, तर ते म्हणाले की हा प्रश्न वरच्या साहेबांच्या अखत्यारीत येतो.

ओल्यावर ओलं चढून कुशीवरचे रंग एकमेकांत कालवले जाऊ लागले. काळ्यात पिवळा गेला, पिवळ्यात मागच्या झाडीचा हिरवा. अंगणात गव्याच्या कुशीवर तसाच गढूळ डाग पसरला आणि त्याचा श्वास घरघरू लागला. मेस्त्रींनी टर्पेंटाइनचा बोळा हातात घेतला. कडा साफ केल्या, तर चित्र अजून वाचण्यासारखं होतं.

"पुसा," शालनबाई म्हणाल्या.

"साफच करतोय."

"साफ न्हवं. पुसा सगळंच."

मेस्त्रींनी बोळा तसाच हातात धरून ठेवला. असं चित्र पुन्हा आपल्या हातून होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हाताला कंप सुटायला लागला होता, नजरही पूर्वीची राहिली नव्हती. अंगणात गवा पुढच्या श्वासाची वाट पाहत होता. ब्रश कुणाच्याच हातात नव्हता. तो वाट पाहत राहिला.

मेस्त्रींनी बोळा टेकवला आणि शिंगांपासून खुरांपर्यंत आडवा ओढला. मग उभा ओढला. अंगणात गव्याच्या कडा पुसट झाल्या. त्याचं एक शिंग मागच्या फणसाच्या खोडात मिसळलं आणि पांढरे मोजे मातीत उतरले.

"बघा आता," मेस्त्री म्हणाले. त्यांनी बोळा खाली टाकला.

तातोबांनी टोपी घातली आणि चित्रासमोर येऊन जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं.

"मला चिखूल दिसतोय," ते म्हणाले. "आता तुमी सांगा, पेंटर. ह्या चित्रात गवा हाय का?"

मेस्त्रींनी पाहिलं. त्या राड्यात कुठे कपाळ होतं, कुठे डोळा होता, कानातला केस न् केस कुठून निघून कुठे वळत होता, सगळं त्यांना दिसत होतं. इतकं स्वच्छ तर सकाळीही दिसलं नव्हतं. साऱ्या जन्मात न दिसलेलं काही त्यांनी रंगवलं नव्हतं, आणि दिसलेलं कधी नाकारलंही नव्हतं.

"नाही," मेस्त्री म्हणाले.

"झालं," तातोबा म्हणाले.

गव्याने आपलं शिंग फणसातून सोडवलं, कडा गोळा केल्या आणि आपल्या आपण एक लांब श्वास घेतला. मग सोडला. मग पुन्हा घेतला. पेंढीतला थोडा कडबा खाल्ला आणि कुंपण मोडून तो ओढ्याकडे उतरला. तातोबांनी सायकल वळवली, कुंपण आपल्या खर्चाने बांधायचं असतं एवढं सांगितलं, आणि तेही गेले.

शालनबाई पडवीत आल्या आणि चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"अवो," त्या म्हणाल्या, "मला तर दिसतोय की ह्यात."

"हळू बोल," मेस्त्री म्हणाले. "अजून ओढा ओलांडला नसेल त्याने."