रक्षिताला काही द्यायचं नाही

बावीस वर्षांत माझ्या हातून एकाही वाफ्याला चुकीचं खत पडलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं सांगायला तोंड राहणार नाही.

मी संग्राम, शेत सहायक. बंगळुरात सर्जापूर रोडच्या पुढं, चारी बाजूंनी उंच इमारतींनी घेरलेलं एक शेती संशोधन केंद्र आहे, तिथं असतो. इमारतींतले लोक बाल्कनीतून आमच्या प्रयोगाच्या नाचणीकडे बघतात आणि गेटवर येऊन विचारतात, "हे गवत कधी कापणार?" आमचा वॉचमन ज्योतिबा त्यांना दरवेळी "पुढच्या आठवड्यात" असं सांगतो. भांडण टळतं.

त्या नाचणीत अनुसूया मॅडमची अकरा वर्षं होती. मॅडम मूळच्या जयनगरच्या. आमच्यासारखंच घरी मराठी, बाहेर कन्नड, चिडल्या की दोन्ही. त्यांनी कुठल्याशा माळावरच्या मातीतून जिवाणू शोधून काढले होते आणि बाटलीत वाढवले होते. बाटलीचा नंबर बी-सतरा. ते पाणी पेरणीनंतर मुळाशी घातलं की हलक्या जमिनीतसुद्धा नाचणी बिनखताची तरारून यायची. दर महिन्याच्या एक तारखेला मॅडम त्या बाटलीला स्वतःच्या हातानं गुळाचं पाणी घालायच्या. "खायला नाही दिलं तर मरतात रे हे," म्हणायच्या.

आता हे शेतकऱ्याच्या हातात जायचं तर सलग तीन वर्षं तोच निकाल यावा लागतो. दोन वर्षं आला होता. तिसरं वर्ष मागच्या जुलैत सुरू झालं, आणि डिसेंबरात मॅडम निवृत्त होणार होत्या. म्हणजे एकच हंगाम हातात, आणि तो सांभाळायचं काम माझ्याकडे.

बारा वाफे. चारांना बाटलीतलं पाणी, चारांना युरिया आणि उरलेल्या चारांना काहीच नाही. काहीच न देता पीक किती येतं हे कळलं, तरच दिल्याचा फायदा मोजता येतो. हे बारा वाफे मुद्दाम इकडंतिकडं विखुरलेले असतात, आणि ओळखायला फक्त प्लास्टिकच्या पट्ट्या. आदल्या वर्षी ज्योतिबाच्या शेळीनं दोन पट्ट्या खाल्ल्या होत्या. चुकीच्या वाफ्यात युरिया पडता पडता वाचला.

म्हणून मी त्या वर्षी एक योजना काढली. वाफ्यांना नंबर नकोत, माणसांची नावं द्यायची! नंबर विसरतो, माणूस विसरत नाही. शेतावरचं सगळं काम कस्तुराबाई बघते. निपाणीकडची, वीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर इथं बांधकामावर आली, ती इथलीच झाली. तिला अक्षर येत नाही, पण सात पिढ्यांची नाती तोंडपाठ. तिला म्हटलं, "अक्का, तीन नावं सांग. तुझ्या घरातलीच सांग, म्हणजे लक्षात राहतील."

ती म्हणाली, "कौशल्या. माझी थोरली जाऊ."

"सरी, ठीक. दुसरं?"

"रणजीत. धाकटा दीर."

"आणि तिसरं?"

"रक्षिता," ती म्हणाली. ही कोण ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मी पाट्या रंगवायच्या घाईत होतो.

पाट्या लागल्या. चार कौशल्या, चार रणजीत, चार रक्षिता. मॅडमनी बघून कपाळाला हात लावला. "संग्राम, नंबर पुरले असते."

"मॅडम, बघा तुम्ही. एक चूक होणार नाही."

मग मी कस्तुराबाईला समजावलं. कौशल्याला दर पंधरवड्याला बाटलीतलं पाणी. रणजीतला युरिया, दोनदा. "आणि रक्षिताला काही द्यायचं नाही."

"कायबी न्हाई?"

"काही नाही."

"येकदम कायबी न्हाई?"

"अक्का, एकदा सांगितलं ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पदर खोचून कामाला लागली. मी मनात म्हटलं, बघा, किती नीट लक्षात राहिलं.

ऑगस्ट संपेपर्यंत कौशल्या गुडघ्याला लागली. रणजीत काळाभोर. रक्षिता पिवळी पडली. सगळं शास्त्राप्रमाणं चाललं होतं. मी ऑफिसातून रोज फोनवर विचारायचो.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर गिरीराज नावाचा नवा कारकून आला होता. बेळगावकडचा, मराठी पक्की, शेतात अजून एकदाही गेलेला नव्हता. एके दिवशी त्याच्या कानावर माझं बोलणं पडलं. ते असं होतं:

"कौशल्याला दिलं ना? छान. रणजीतला आज नको, त्याला सोमवारी. रक्षिता? पिवळी पडली? पडू दे. मान टाकली? टाकू दे अक्का, आपल्याला तेच बघायचंय. नाही, थेंबभरसुद्धा नाही. मॅडमची ऑर्डर आहे."

त्या दुपारी गिरीराज माझ्याबरोबर जेवायला आला नाही. मला वाटलं, संकष्टी असेल. त्यानं मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला होता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गेटवर जीप. दोन बाई अधिकारी आणि एक हवालदार. मी तिथं नव्हतो, त्यामुळं पुढचा संवाद ज्योतिबानं जसा सांगितला तसा देतो.

"इथं रक्षिता कोण आहे?"

"आहे की. मागं शेतात."

"उन्हात?"

"उन्हातच असते, बाई."

"एकटी?"

"नाही, चौघी आहेत."

"चौघी! आणि चौघींनाही खायला देत नाहीत?"

"फक्त कौशल्याला आणि रणजीतला देतात," ज्योतिबा म्हणाला. एवढ्यावर थांबायचं की नाही? पण तो मदत करायला बघत होता. "चारच महिन्यांचा प्रश्न आहे बाई. नंतर कापणारच आहेत."

हवालदारानं त्याचा दंड धरला तो शेतापर्यंत सोडला नाही.

मी धावत पोचलो तेव्हा सगळे पाटीसमोर उभे होते. पाटीवर माझ्या हातचं सुंदर अक्षर, आणि पाटीमागं वीतभर पिवळी नाचणी. मी कन्नडमध्ये, हिंदीत, हातवारे करून सगळा प्रयोग समजावला. हवालदार हसायला लागला. धाकट्या अधिकारीबाईही हसल्या. थोरल्या मात्र हसल्या नाहीत. त्या त्या पिवळ्या पानांकडे बघत म्हणाल्या, "ते सगळं सरी हो, सार. पण हिला स्वल्प तरी काही घाला ना."

जीप गेली. पण त्या दिवसापासून अख्ख्या केंद्राला रक्षिता माहीत झाली. कँटीनच्या धनलक्ष्मीअक्का इडली वाढताना विचारायच्या, "रक्षिता कशी आहे?" गिरीराज तर अपराधी चेहऱ्यानं रोज संध्याकाळी जाऊन बघून यायचा.

आणि सप्टेंबरच्या मध्यावर रक्षिता हिरवी व्हायला लागली.

मी चष्मा पुसून बघितलं. हिरवी. पाऊस चांगला झालाय, मी स्वतःला म्हटलं. पाऊस तर बाराही वाफ्यांवर सारखाच पडला होता, हे मला कळत नव्हतं असं नाही.

मग एकदा सकाळी साडेसहालाच गेलो. कस्तुराबाई रक्षिताच्या वाफ्यात उकिडवी बसली होती. शेजारी बादली. बादलीत पातळ कालवलेलं शेण, आणि ती तांब्यानं एकेका रोपाच्या बुडाशी ते घालत होती. घालताना काहीतरी पुटपुटत होती. मला बघून उठली नाही.

"अक्का, हे काय?"

ती तांब्या खाली ठेवून म्हणाली, "अण्णा, तुमी आदी सांगायचं होतं. कुनाला द्यायचं न्हाई ते आदी सांगायचं, आन मग नाव इचारायचं."

"म्हणजे?"

"आमी हितं आलो तवा ती दोन वर्साची हुती. बेळ्ळंदूरला कामावर होतो. पत्र्याच्या खोपटात. माझं दूद आटलं, काम बी सुटलं. घालायला कायबी नव्हतं. तिला जुलाब लागलं." ती बोटानं मातीत रेघ ओढत होती. "तुमी नाव इचारलं, तवा मला वाटलं, पिकाला नाव देतायसा तर हितं तरी वाडंल. मग तुमी म्हनला, रक्षिताला कायबी द्यायचं न्हाई."

मला त्या वेळी काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. रडू आलं, एवढं खरं. शेत सहायक म्हणून माझं काम स्पष्ट होतं. मॅडमना ताबडतोब सांगायचं, ते वाफे बाद करायचे, काही वाचतंय का ते बघायचं. मी कस्तुराबाईला म्हटलं, "मी आज साडेसहाला आलोच नाही." आणि गेटवर जाऊन चहा प्यायलो.

नोव्हेंबरअखेर कापणी झाली. मॅडम स्वतः काट्याजवळ खुर्ची टाकून बसल्या. रणजीत तोलला, बरा भरला. कौशल्या तोलली, त्याहून जास्त. मॅडम खूष. मग रक्षिता तोलली.

काटा कौशल्याच्या पुढं गेला.

मॅडमनी पुन्हा तोलायला सांगितलं. पुन्हा तेच. त्यांनी चष्मा काढला आणि हळूच विचारलं, "रक्षिताला कुणी काय दिलं?"

मग ज्योतिबा खाकरला. "मॅडम, शेळीच्या लेंड्या. दोन-तीन टोपल्या. तिनं पट्ट्या खाल्ल्या होत्या, म्हटलं भरपाई."

कँटीनच्या दारातून धनलक्ष्मीअक्का म्हणाल्या, "तांदळाचं धुवण. रोजचं."

गिरीराजनं खिशातून चक्क पाकीट काढून दाखवलं. त्यानं झाडांचं टॉनिक ऑनलाइन मागवलं होतं. पाकिटावर गुलाबाचं चित्र होतं.

"मी शेन घातलं," कस्तुराबाई म्हणाली.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "युरिया. एकच मूठ, मॅडम. रणजीतच्या वाट्यातला." हो, चहा पिऊन परत आल्यावर मीही घातला होता. बावीस वर्षांत एकदाच.

मॅडम हसायला लागल्या. इतक्या हसल्या की आम्हीही हसलो. मग आमचं थांबलं तरी त्यांचे खांदे हलतच होते, आणि त्या हसत नाहीत हे आमच्या उशिरा लक्षात आलं.

कस्तुराबाई पुढं झाली. "मॅडम, माज्यामुळं काय बिगडलं का?"

तिची हकीकत मी मॅडमना सांगितली नव्हती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "नाही गं. रक्षिता छान आली. ही नाचणी तू घरी घेऊन जा." अहवालात त्यांनी लिहिलं: तिसरे वर्ष, प्रयोग बाद. सलग तीन वर्षांची अट मोडली. आता कुणी करायचं तर पुन्हा पहिल्यापासून.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला बी-सतराची बाटली दिली. प्रयोगशाळेत दुसऱ्यांचं सामान येत होतं, त्यांच्या बाकीच्या नळ्या काढून टाकल्या होत्या. "कँटीनच्या फ्रिजमध्ये ठेव. कुणीतरी नवा माणूस येईल, पुन्हा लावेल. तोवर दर एक तारखेला गुळाचं पाणी. एवढं करशील ना?"

"करणार म्हणजे काय! हिला नाव ठेवू का, मॅडम?"

"नको रे बाबा," त्या म्हणाल्या. हसल्याही. मग मुलीकडे हुबळीला राहायला गेल्या.

जानेवारीत घातलं. फेब्रुवारीत घातलं. मार्चमध्ये मेहुणीच्या लग्नाला गेलो, जाताना ज्योतिबाला सांगून गेलो. ज्योतिबानं धनलक्ष्मीअक्कांना सांगितलं. त्यांना वाटलं, असलं सगळं कस्तुराबाईच बघते. एप्रिलमध्ये मी वार्षिक अहवालांत बुडालो, आणि मला वाटलं, घालतायत की रक्षिताला घातलं तसं चौघं मिळून. मे महिन्यात फ्रिज उघडला तर इडलीच्या पिठामागं ती बाटली होती. काळी पडलेली. बूच काढलं आणि लगेच लावलं.

मी कस्तुराबाईला विचारलं, "अक्का, हिला कधीच काही घातलं नाहीस?"

"न्हाई अण्णा," ती म्हणाली. "मागच्या बारीला येवडं झालं. ह्या बारीला मी हात बी लावला न्हाई."

ती शाबासकीची वाट बघत उभी होती. मी म्हटलं, "बरं केलंस."

जूनमध्ये विद्याधर नावाचा तरुण शास्त्रज्ञ बदलून आला. पहिल्याच दिवशी मला शोधत आला. "अनुसूया मॅडमची बाटली इथं आहे म्हणे? मला तो प्रयोग पुन्हा लावायचाय."

त्याला मी खरं सांगितलं. मॅडमना अजून सांगितलेलं नाही. दर एक तारखेला सकाळी त्यांचा फोन येतो.

"घातलंस का रे?"

"घातलं, मॅडम."

"बरी आहे ना?"

"छान आहे."

अगदीच खोटं नको, म्हणून गुळाचं पाणी मी अजूनही करतो. खडा फोडतो, विरघळवतो, गाळतो, सगळं त्यांनी शिकवलं तसं. मग पेला हातात घेऊन उभा राहतो, कारण घालायचं कुणाला? शेवटी अर्धं मी पितो आणि अर्धं कस्तुराबाईला देतो.

"आज कशाचं वो, अण्णा?" ती दर वेळी विचारते.

"एक तारीख आहे," मी म्हणतो.