पारव्याची पट्टी

ही गोष्ट एकोणीसशे एकोणसत्तर सालची. त्या वर्षी काकू अंथरुणातून उठल्या, आणि त्याच वर्षी नानांना स्वतःची गाडी ओळखू आली नाही.

नाना पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचे. गाडी त्यांनी जुनी घेतली होती. रंग पारवा, म्हणून तिचं नावही पारवाच पडलं. त्या गाडीचे प्रकार दोन, साधी आणि डिलक्स. इंजिन एकच, सीटाही सारख्याच, फरक काय तो बाहेरच्या नटण्यामुरडण्याचा. पारवा साधा होता, आणि हे दुःख नाना घरी आलेल्या माणसाच्या हातातलं पाणी संपायच्या आत त्याला सांगून टाकत.

"डिलक्सला अंगावरून चकचकीत पट्टी असते. बॉनेटवर पक्षी. बंपरला दोन शिंगं. काचांभोवती क्रोमची किनार. आपल्याला नुसतं काळं रबर."

"मग चालताना काही फरक पडतो का?"

"चालताना काही नाही. उभी असताना पडतो."

एवढ्यावर थांबले तर ते नाना कसले! डिलक्समध्येही दोन जाती होत्या. पहिल्या सालच्या गाडीची पट्टी मागच्या दारापाशीच थांबायची, पुढच्या सालापासून ती थेट मागच्या दिव्यापर्यंत जायची. हे नानांच्या सगळ्या नातेवाइकांना पाठ होतं. ऐकायची इच्छा मात्र एकालाही नव्हती.

एकोणसत्तरच्या आदल्या वर्षी नानांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, पाठ गेली. वर्षभर त्या आडव्याच होत्या. नानांनी पारव्याच्या मागच्या सीटवर गादी अंथरली आणि आठवड्याच्या आठवड्याला त्यांना इस्पितळात न्यायला सुरुवात केली. गाडी इतकी हळू चालवत की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जात. खड्डा आला की नाना आधीच सांगत, "आला बरं का." काकू ओठ आवळून घेत. खड्डा गेला की नाना म्हणत, "गेला." वर्षभर त्या दोघांत एवढंच काय ते बोलणं झालं असेल.

काकू हिंडू-फिरू लागल्या तेव्हा त्यांना वाटलं, या माणसाला काहीतरी म्हणायला हवं. पण त्या घरात असलं बोलायची रीत नव्हती. एकदा चहाच्या वेळी त्यांनी धीर केला.

"अहो, ऐकलंत का?"

"साखर कमी आहे का?"

"नाही."

"मग जास्त झाली असेल." नाना कप घेऊन आत गेले आणि विषय तिथेच बुडाला.

मग काकूंनी धाकट्या भावाला गाठलं. भाऊ गाड्यांचे पोचे काढायचा. सगळं गाव त्याला मामा म्हणायचं. "त्यांच्या गाडीला पट्टी लावून दे," काकू म्हणाल्या. "पक्षी, शिंगं, सगळं."

"अक्का, अगं, तोंडाने सांग ना. तोंड फुकट असतं."

"तोंडाने जमत असतं तर तुझ्याकडे कशाला आले असते?"

मामाच्या आवारात दोन मोडक्या डिलक्स पडून होत्या. दोन्हींतलं जे धड होतं ते त्याने काढून घेतलं, घासून लखलखीत केलं, आणि नानांच्या वाढदिवशी दुपारी टेंपोत सामान आणि बहीण घालून तो कचेरीच्या आवारात हजर झाला. नाना वरच्या मजल्यावर नकाशात मान घालून बसले होते. खाली पारवा नटला.

"झालं," मामा म्हणाला. "आता तू इथेच थांब. मला साहेबांची गाडी आणून पोचवायचीय."

साहेब म्हणजे कचेरीचे मोठे साहेब. चेहऱ्यावरून त्यांना मागून सगळे एरंडेल म्हणायचे. त्यांचीही गाडी हीच, रंगही पारवा, पण अस्सल डिलक्स. ती पोचे काढायला मामाकडे होती, आणि कचेरी सुटायच्या आत ती आवारात उभी करून किल्ली स्विचलाच ठेवायची असं ठरलं होतं. त्याच गडबडीत काकूंनी घरून आणलेली पारव्याची दुसरी किल्लीही स्विचलाच राहिली, हे मामाच्या ध्यानात आलं नाही. काकूंची पाठ भरून आली होती. त्या मागच्या गादीवर टेकल्या, शाल ओढली, बोलायचं मनात घोळवता घोळवता त्यांचा डोळा लागला.

कचेरी सुटली. नाना खाली आले. त्यांच्या जागेवर एक झगझगीत डिलक्स उभी. 'साहेबांची आली वाटतं,' नाना मनात म्हणाले. पट्टीवर बोटांचे ठसे दिसले, ते त्यांनी स्वतःच्या रुमालाने पुसले. साहेबांच्या गाडीत डोकावणं बरं दिसत नाही म्हणून आत काही पाहिलं नाही. मग पारवा शोधायला त्यांनी आवाराला चक्कर मारली, आणखी एक मारली, आणि पोलीस चौकी गाठली.

"गाडी गेली माझी!"

"वर्णन सांगा," हवालदार म्हणाले.

"अंगावर पट्टी नाही. बॉनेटवर पक्षी नाही. बंपरला शिंगं नाहीत. किनार नाही."

"अहो, काय नाही ते सांगताय. काय आहे ते सांगा!"

नाना विचारात पडले. "काळं रबर आहे."

"नंबर?"

"नंबर कोण बघतं!" नाना कळवळले. "हवालदारसाहेब, त्याच गाडीतून बायकोला बरी करून आणलीय हो मी."

हवालदारांनी लेखणी खाली ठेवली आणि टोपी घातली. "चला, जागा दाखवा."

इकडे साहेब खाली उतरले होते. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे चार चाकं आणि एक भोंगा. पारवी गाडी, किल्ली स्विचला. बसले आणि निघाले. पहिल्याच खड्ड्याला मागे काकू जाग्या झाल्या. आज 'आला बरं का' कसं म्हणाले नाहीत? मुद्दामच गप्प असणार. पट्टी बघून भरून आलं असणार. काकूंनी डोळे मिटूनच घेतले.

"अहो, मागे वळून बघू नका. बघितलंत तर मला बोलता यायचं नाही."

साहेब दचकले. पण त्यांनी वळून बघितलं नाही. भीतीनेच.

"वर्षभर तुम्ही एकदासुद्धा चिडला नाहीत. मी चिडले तेव्हाही नाही. प्रत्येक खड्डा तुम्ही आधी स्वतःच्या अंगावर घेतलात आणि मग मला सांगितलात. मी चालतेय ना, ती तुमच्या पायांनी चालतेय. बस्स. एवढंच म्हणायचं होतं."

गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. पुढून नाक शिंकरल्याचा आवाज आला. काकूंनी डोळे उघडले. पुढे टक्कल होतं. नानांना तर डोईभर केस!

"अगंबाई!"

"बाई," एरंडेल साहेब रडव्या आवाजात म्हणाले, "मी तो नव्हे."

आवारात तोवर वेगळाच गोंधळ. मामा साहेबांची गाडी घेऊन शिरला आणि नानांना हवालदाराबरोबर बघून जागीच थिजला. "नाना, तुम्ही इथे? मग अक्काला कोण घेऊन गेलं?"

"अक्का इथे कुठून आली?"

मामाने सगळं सांगितलं. नाना ऐकता ऐकता खालीच बसले. "गाडी गेली तर गेली," ते म्हणाले, "पण तिच्या पाठीखाली उशी आहे का रे? खड्डे आलेले तिला कोण सांगणार?"

तेवढ्यात फाटकातून पारवा आत आला. हवालदार म्हणाले, "हीच का?"

नाना उठले. डाव्या बाजूने बघितलं, उजव्या बाजूने बघितलं. इतक्या काळजीतही राहवलं नाही. "ही असूच शकत नाही. डावी पट्टी दाराशी थांबलीय, उजवी दिव्यापर्यंत गेलीय. असलं मॉडेल कुठल्याच साली निघालेलं नाही."

मागचं दार उघडलं आणि काकू उतरल्या. स्वतःच्या पायांनी, कुणाचा हात न धरता. नाना बघतच राहिले, आणि मग कुठे त्यांना गाडी ओळखू आली.

"बाई जे बोलल्या ते तुमचं होतं," साहेब नानांना म्हणाले. "चुकून मी ऐकलं. माफ करा."

"काय म्हणाली?"

साहेबांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदर तोंडाशी धरला. "आता पुन्हा नाही हं जमायचं."

साहेब त्या संध्याकाळी घरी जाऊन बायकोला म्हणाले, "तू आहेस म्हणून बरं आहे हो." तिने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला आणि मग मीठमोहऱ्या ओवाळल्या. पण साहेबांनी सोडलं नाही. पुढे तर शिपायाने पाण्याचा पेला ठेवला तरी ते मान उचलून "बरं झालं आणलंत" म्हणायचे. एरंडेल हे नाव कधी गळून पडलं ते कुणालाच कळलं नाही. हवालदार बढतीवर दुसऱ्या गावी गेले. तिथे म्हणे गाडीची तक्रार आली की पहिल्यांदा विचारायचे, "वाढदिवस आहे का कुणाचा?" मामाने जोडीची पट्टी शोधून आणली होती, पण नानांनी ती लावू दिली नाही. कुणी हसलं तर म्हणायचे, "हे तिसरं मॉडेल. जगात एकच निघालं."

पारवा एक दिवस चालायचा थांबला. नानांनी तो अंगणात विटांवर उभा केला. चाकं गेली, पण पट्ट्या रोज पुसल्या जायच्या. नानांच्या शेवटच्या वर्षी, एका दुपारी ते असेच पुसून स्टिअरिंगपाशी टेकले होते. काकू काठी टेकत आल्या आणि मागच्या सीटवर बसल्या.

"मागे वळून बघू नका," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशीचं सगळं, शब्द न शब्द, पुन्हा बोलल्या.

नाना समोर बघत राहिले.

"उजवीकडची पट्टी जरा सैल झालीय," ते म्हणाले. "उद्या घट्ट करतो."

"करा," काकू म्हणाल्या. नानांचं सगळं म्हणणं त्यांना पोचलं होतं.