बिनकाठाची गाडी

शामभाऊ धकात्याच्या गाडीला डिक्की नाही, पदर आहे. दारांवरून जाते ती लाल रेडियमची पट्टी नाही, काठ आहे. आणि मागच्या काचेभोवती त्यानं स्वतःच्या हातानं जे चौदा बारके दिवे बसवलेत, त्यांना तुम्ही चुकून ‘लाइट’ म्हणालात, तर रेशमी लुगड्याला फडकं म्हटल्यासारखा तो तुमच्याकडे पाहतो. त्या बुट्या आहेत.

“पदर भरगच्च पायजे गा,” तो मला समजावतो. “लोकं गाडी मागूनच पायतेत. समोरून पायाले टाइम कोणाले हाये?”

बाप कोष्टी, आजा कोष्टी. हातमाग घराबाहेर गेला त्याला चाळीस वर्षं झाली. शामभाऊ मौद्याकडे वीजकेंद्रात इलेक्ट्रिशियन म्हणून लागला आणि तिथूनच निवृत्तही झाला. पण माग काही त्याच्या डोक्यातून निघाला नाही. दोन वर्षांपूर्वी त्यानं एक जुनी, छोटी, पांढरी गाडी घेतली. ती त्याच्या लेखी नुसतं थान, कोऱ्या कापडाचं.

“कंपनी थान देते, साडी आपल्याले करा लागते. कंपनीवाल्यायले काय समजते!” हे त्याचं ठरलेलं वाक्य. तुम्ही काहीही विचारा, उत्तर हेच.

समोरच्या दिव्यांच्या काचा पिवळ्या पडल्या, तर त्यानं आधी पॉलिश पेपर मारला आणि मग टूथपेस्ट लावून त्या घासल्या. ब्रश स्वतःचा. सकाळी सकाळी साऱ्या पार्किंगमध्ये पुदिन्याचा वास, आणि हा मांडी ठोकून गाडीचे दात घासतोय! तोच ब्रश पुन्हा तोंडात गेला का, हे मी विचारलं नाही. मला उत्तर नकोच होतं.

मग गाडीच्या पोटाखाली हिरवी एलईडी पट्टी आली. ब्रेक दाबला की खाली हिरवागार उजेड. खरं म्हणजे वायर भलत्याच ठिकाणी जोडली गेली होती, पण कबूल करेल तर शपथ. “चुकली नाई, जमली,” म्हणाला. लकडगंजच्या सिग्नलवर ट्रॅफिकवाल्यानं काच ठोकून विचारलं, “लग्नाची गाडी का?” हा म्हणाला, “हो.” “नवरदेव कुठे?” “मीच.” वय साठ, लग्न केलेलं नाही, आणि मागच्या सीटवर ब्याऐंशी वर्षांची माय. ट्रॅफिकवाला हसला आणि पट्टी काढायला सांगून निघून गेला. पट्टी कुठची निघते!

मी या सोसायटीचा सेक्रेटरी. दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून झालो, आणि तेव्हापासून ज्याला त्याला खायला माझंच डोकं सापडतं. खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू म्हणाल्या, त्यांच्या घरात शामभाऊच्या ब्रेकचा हिरवा उजेड येतो आणि दूध नासल्यासारखं दिसतं. शेवटी मी रीतसर नोटीस काढली: ‘वाहनास अनावश्यक रोषणाई करू नये.’ शामभाऊनं ती नीट वाचली, उलटी केली, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रिव्हर्स लाइटच्या वायरिंगचं चित्र काढलं. माझ्याच पेननं. वर म्हणतो कसा, “वहिनीचं हेअर ड्रायर दे न गा. पट्टी गरम केल्याशिवाय चांगली बसत नाई.”

आणि एवढी नटवलेली गाडी जाते कुठे? एकाच ठिकाणी. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात वाजता, आजीला डायलिसिसला. आजी म्हणजे त्याची माय. तिनं जन्मभर मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, आता तिच्यानं ऑटोत पाय वर उचलून चढवत नाही. गाडी आहे म्हणून तिचं जाणंयेणं आहे.

म्हणून गाडीला पंधरा वर्षं पुरी झाली आणि पुन्हा पासिंग करायची वेळ आली, तेव्हा मलाही काळजी लागली. पासिंग नाही तर गाडी रस्त्यावर नाही, आणि गाडी नाही तर आजी घरी. मंगळवारी त्यानं मला आरटीओत सोबत नेलं. सेक्रेटरी म्हणजे कायद्याचा माणूस, असा त्याचा गैरसमज आहे.

इन्स्पेक्टरसाहेब गाडीभोवती दोन चकरा मारून आले.

“कागदावर साधी पांढरी गाडी आहे. हे काय आहे?”

“साडी,” शामभाऊ म्हणाला.

मी कपाळावर हात मारला. साहेब मात्र भला माणूस होता. म्हणाला, “जादाचे सगळे लाइट काढा. ही लाल रेडियमची पट्टीपण काढा. लाल रेडियम मागे चालतं, बाजूनं नाही. काढून आणा, आजच करून देतो.”

शामभाऊनं पेचकस काढला. फॉग लँप, हिरवी पट्टी, चौदाच्या चौदा बुट्या, तिथंच मैदानात उकिडवं बसून उतरवल्या. काठापाशी आला आणि थांबला.

“काठ नाई निघत.”

“काहून?” मी विचारलं.

“नाई निघत म्हणजे नाई निघत. साहेबाले सांग, काय करा लागते ते कर म्हणा.”

माझं डोकंच फिरलं. “तुझ्या काठापायी म्हातारी घरी बसन न बे! उद्या बुधवार हाये. सात वाजता काय पाठीवर घेऊन जाशीन तिले?”

टायरकडे पाहत तो हळूच म्हणाला, “बिनकाठाच्या गाडीत माय बसत नाई. गाडी आणली त्या दिवशी दारातूनच म्हणे, हे पांढरं फटक, बिनकाठाचं, कोणाले गुंडाळाले आणलं गा? आमच्यात तसं कापड एकाच कामाले येते. त्याच हप्त्यात डायलिसिस सुरू झालतं. मी त्याच दिवशी काठ लावला.”

पण पासिंग तर हवंच होतं. “मायले मी समजावतो,” म्हटलं, तेव्हा कुठे तो उठला. घरी आलो, ड्रायरनं गरम करून दोघांनी मिळून काठ सोलला, आणि चारच्या आत पासिंग झालं.

बुधवारी पावणेसातला मी खाली हजर. आजीला कसं समजवायचं, याचं भाषण पाठ करून आलो होतो. आजी काठी टेकत आली आणि थांबली. समोरून मागपर्यंत गाडी पाहून घेतली.

“काढला का गा काठ?”

“पासिंगसाठी, माय,” शामभाऊ म्हणाला.

“बरं. दार उघड.”

आणि बसली की! पदर सावरला, काठी पायाशी ठेवली. “चाल, उशीर होते.” माझं भाषण माझ्यापाशीच राहिलं.

पण शामभाऊ बसेना. चावी हातात, हात दारावर, आणि आत बसलेल्या मायकडे पाहून राहिलेला. पांढऱ्या गाडीत पांढऱ्या केसांची माय.

आजीनं काच खाली केली आणि मला म्हणाली, “मी एकडाव गमतीनं म्हटलं होतं. पोट्ट्यानं मनावर घेतलं. मले कायचं भेव? मले कुठं जायाचं हाये ते मले माहीत हाये. भेव यालेच वाटते. माह्यामागं याले कोण हाये?”

शामभाऊनं ते ऐकलं. मागं गेला, डिक्की उघडली आणि रेडियमचा नवा कोरा लाल रोल काढला.

“शामभाऊ, कालच पासिंग झालं.”

“मले माहीत हाये.”

“बेकायदा हाये ते.”

“असन!” तो गरजला, आणि पुढच्या चाकापाशी गुडघे टेकून त्यानं पट्टीचं टोक पत्र्यावर दाबलं. “बिनकाठाची नाई नेणार मी तिले. आज नाई, कधीच नाई. तुले नोटीस काढाची तर काढ!”

सात वाजून गेले होते. मी रोल उचलला आणि उलट्या पावलांनी मागच्या चाकाकडे सरकू लागलो. आजीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“सेक्रेटरी, ताणून धर गा. काठ वाकडा चालला.”

मी ताणून धरला.